एक किलोमीटरपुरता आवाज

ऐकू येतंय का? नसेल येत तर तसं सांगा. म्हणजे सांगूनही फारसा उपयोग नाही, कारण तुम्ही काय म्हणता ते मला कळायची सोयच नाही. मी ट्रान्समीटर बोलतोय. रेडिओ केंद्राचा आवाज हवेत सोडणारा डबा.

रेडिओचं बरं असतं. तो तुमच्या घरात राहतो, तुम्ही त्याचा कान पिळता, खरखरला की त्याला थोपटता. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. तारेतून आलेलं बोलणं उचलायचं आणि दूर भिरकावून द्यायचं, एवढंच माझं काम. ते कोणाच्या कानात गेलं की कोणाच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर लोंबकळत राहिलं, ते मला कधी कळत नाही. आयुष्यात एकदाच कळलं, आणि तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म रेडिओकाकांच्या दुरुस्तीच्या दुकानात झाला. एके काळी त्यांच्या काउंटरवर रेडिओंची रांग लागायची म्हणे. आता लोक मोबाईल घेऊन येतात, काका म्हणतात "हे आपलं काम नाही," आणि लोक तोंड वाकडं करून निघून जातात. काकांना रिकामं बसणं सोसत नाही. त्यांनी जुने सुटे भाग गोळा केले, एका पत्र्याच्या पेटीत बसवले, बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा पंखा माझ्या पाठीला लावला आणि मला जन्माला घातलं.

जाता जाता त्यांनी माझ्या पोटात आणखी एक चिमुकला पुर्जा बसवला. मी ठरावीक मापापेक्षा जास्त तापलो की हा पुर्जा मला बंद करून टाकतो. "जळून जाण्यापेक्षा गप्प बसलेला बरा," काका म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपण आता बंद पडणार, मग बंद पडणार, हा घोर माझ्या जिवाला पहिल्या दिवसापासून लागला तो लागलाच. काही जण स्वभावाने भित्रे असतात. मी बांधणीनेच भित्रा आहे.

एका सकाळी दुकानात एक बाई आल्या. चित्रकार होत्या, बोटांच्या पेरांवर निळा रंग वाळलेला होता. त्यांना सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणेन. त्यांनी मला दोन्ही बाजूंनी बघितलं आणि काकांना विचारलं, "हा किती लांब जाईल?"

"एक किलोमीटर. हवा चांगली असली तर चार पावलं जास्त."

"बागेतल्या कॉटेजपासून आईबाबांचं घर चौदाशे पावलांवर आहे. मी मोजलीत."

काकांनी टेप काढली. ताईला दुकानातल्या दुकानात दहा पावलं चालायला लावलं, काउंटरपासून दारापर्यंत आणि दारापासून परत. मग पाठीमागच्या पुठ्ठ्यावर गुणाकार केला. "नऊशे ऐंशी मीटर," ते म्हणाले. "पोचेल. पण अगदी काठावर आहे."

तो 'काठावर' शब्द माझ्या पोटात जाऊन बसला आणि मी बागेत जाईपर्यंत तिथून हलला नाही.

ताईचे बाबा त्या बागेचे माळी होते. एकतीस वर्षं त्यांनी ती सांभाळली आणि त्याच कॉटेजमध्ये बसून रोज संध्याकाळी दिवसभराच्या कामाची नोंद केली. दर वर्षाची एक वही, अशा एकतीस वह्या. निवृत्त झाल्यावर ते बागेच्या भिंतीपलीकडे, तीन रस्ते सोडून असलेल्या घरात राहायला गेले. गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असेल, पण कळतं की नाही ते सांगता येत नाही. तेव्हापासून ते उताणे पडून छताकडे बघत असायचे. ताई जवळ जाऊन बसली की तिचा घसा कोरडा पडायचा. दोन मिनिटांत ती काहीतरी निमित्त काढून उठायची. बापलेकीचं आधीही फारसं बोलणं नव्हतं. जे व्हायचं ते पाणी घातलं का, नळी गुंडाळली का, एवढंच. आता तेही उरलं नव्हतं, आणि समोर पडलेल्या माणसाच्या आत आपले बाबा अजून आहेत की नाहीत, हे तिला कळत नव्हतं.

त्यातून तिच्या डोक्यात हे रेडिओ केंद्राचं आलं. कॉटेजचं आता गोदाम होणार होतं. त्याआधी तीस दिवस ते कलाकारांना वापरायला मिळालं आणि परवाना खात्यानं छोट्या केंद्राची तात्पुरती परवानगी दिली. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. ताईनं आपल्या ओळखीचे चारदोन कलाकार जमवले आणि दुपारी एकची वेळ स्वतःसाठी ठेवली. तेव्हा आई बाबांना जेवण भरवते. त्या वेळी ताई रोज एका वहीतल्या काही नोंदी वाचणार होती, शेवटच्या दिवशी दोन वह्यांतल्या.

कॉटेज म्हणजे दोन खोल्या. भिंतीवर फावडी टांगायच्या खुंट्या तशाच होत्या, कोपऱ्यात खताचा वास होता. खिडकीला गोधडी लावली, भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकले. कुंड्या भरायच्या लाकडी टेबलावर माईक आला आणि शेजारच्या फळीवर, पत्र्याच्या छपराखाली, मी. छपराचं नाव काढलं की अजूनही मला धडकी भरते.

आता नियमाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. परवानगीच्या पत्रात लिहिलं होतं की ठरलेल्या वेळात केंद्र एक मिनिटाहून जास्त गप्प राहिलं तर ते नोंदवहीत लिहायचं, किती वेळ आणि का, तेही लिहायचं. अशा तीन नोंदी झाल्या की परवानगी रद्द. दर शुक्रवारी खात्याच्या तपासनीस बाई येऊन वही बघणार होत्या. ताईनं ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा बाकीच्यांनी मान डोलावली आणि चहा ठेवला. माझी मात्र पाचावर धारण बसली होती.

तिसऱ्याच दिवशी पहिली नोंद झाली. ती आमच्यातल्या शिल्पकारामुळे. हा गृहस्थ दिवसभर तोंडाचा पट्टा थांबवत नाही, पण कार्यक्रम करायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "मी आज श्रोत्यांना दगड ऐकवणार आहे." त्यानं माईक एका दगडाला टेकवला आणि डोळे मिटून सहा मिनिटं बसून राहिला. मी वाट बघतोय, आता बोलेल, मग बोलेल. सहा मिनिटं मी नुसती रिकामी हवा भिरकावत होतो. तुम्हाला कोणी रिकामी परात घेऊन सहा मिनिटं पंगतीत वाढायला लावलं तर कसं वाटेल?

शुक्रवारी तपासनीस बाई आल्या. नीटनेटक्या, चष्मा साखळीला बांधलेला. त्यांनी नोंद वाचली आणि विचारलं, "सहा मिनिटं शांतता?"

"शांतता नाही बाई," शिल्पकार म्हणाला, "तो दगड होता."

"दगडाचा आवाज येत होता का?"

"आपण तयार असलो तर येतो."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, चष्मा काढला, परत लावला आणि नोंदीखाली सही केली. "अजून दोन," त्या ताईला म्हणाल्या. "लक्ष ठेवा." तशा त्या वाईट नव्हत्या.

ताई रोज एक वाजता माईकपुढे बसायची. वही उघडायची आणि वाचायची. "नवा पंप आला. जुनाच बरा होता." "मोठ्या साहेबांची पाहणी झाली. साहेबांना शेवंती आणि झेंडू यांतला फरक कळत नाही." तिचा आवाज सपाट असायचा, सरकारी बातमी वाचल्यासारखा. "श्रोतेहो," अशी ती सुरुवात करायची. मला माहीत होतं की श्रोता एकच आहे. म्हणून त्या अर्ध्या तासात मी होतं नव्हतं तेवढं बळ लावायचो. नऊशे ऐंशी, नऊशे ऐंशी, असं मनात म्हणत राहायचो.

संध्याकाळी ती आईला फोन करायची. फोन स्पीकरवर टाकून ती एकीकडे तारा गुंडाळायची, त्यामुळे मलाही सगळं ऐकू यायचं.

"लावला होता का रेडिओ?"

"लावला होता की. सकाळी आठपासून चालूच आहे."

"बाबांनी ऐकलं?"

"पडून होते."

"तुला कसं वाटलं?"

"बरं होतं. आम्हाला काय कळतंय त्यातलं."

रोज हेच. रोज फोन ठेवल्यावर ताई राहिलेल्या तारा गुंडाळायची. मी जीव मुठीत धरून तिचा चेहरा बघायचो, आणि त्यावरून काही कळायचं नाही.

नवव्या दिवशी ताई बारा वाजता घरी गेली, वह्यांचा दुसरा गठ्ठा आणायला. पंधरा मिनिटांचं गाण्यांचं रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं. शिल्पकार आणि बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या बाई ओट्यावर काहीतरी वाद घालत उभे होते. वाऱ्यानं दार आपटलं. त्या कॉटेजचं दार फुगलेलं आहे. बाहेरून उघडायचं तर कडी धरून आधी वर उचलायचं आणि मग ढकलायचं, हे फक्त ताईला ठाऊक. गाणी संपली. बाहेरून धक्के बसतायत, "तू ओढ", "अहो ढकला", "खांदा लावा की", आणि आत मी एकटा. एक मिनिट झालं, दोन झाली. मला तोंड असतं तर मीच काहीतरी बडबडलो असतो, भाज्यांची नावंसुद्धा म्हणून दाखवली असती. शेवटी बाईंनी काकांना फोन केला आणि अकराव्या मिनिटाला काका दुकानातून सायकल दामटत आले आणि त्यांनी बिजागरी उचकटली. दुसरी नोंद.

तेवढ्यात ताई आली. हातात वह्यांचा गठ्ठा, डोळे लाल. बिजागरी निखळलेली दिसली तरी तिनं काही विचारलं नाही. खुर्चीत बसली आणि काकांना सांगायला लागली.

घरी गेली तर बाबांच्या उशाशी रेडिओ चालू होता, आणि त्यातून नुसती खरखर येत होती. काटा केसभर बाजूला सरकलेला.

"आई, हे काय लावलंयस?"

"तुझंच लावलंय."

"अगं, ही खरखर आहे."

"मला काय माहीत. तुमच्यातले ते एक दगड ऐकवणार आहेत, असं तूच म्हणाली होतीस. म्हटलं, हाच असेल दगड."

आठ दिवस त्या माऊलीनं सकाळी आठ ते संध्याकाळी सहा खरखर लावून ठेवली होती. शेजारणीलाही बोलावून ऐकवली होती. शेजारीण म्हणाली, वेगळं आहे, पण छान आहे. काका हसू दाबायला लागले. हसले नाहीत, कारण ताई हसत नव्हती.

"मी काटा नीट लावला, काका," ती म्हणाली. "खरखर थांबली, पण पुढे काहीच नाही. नुसती शांतता. आपलं पोचतच नाहीये तिकडे."

नऊशे ऐंशी मीटर म्हणजे काठ, आणि मी काठावरून खाली पडत होतो. इतके दिवस.

काकांनी विचारलं, "किती वाजता लावलास काटा?"

"सव्वाबारा झाले असतील."

"आणि एकदम शांत झालं? खरखर अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

काका उठले आणि माझ्या पाठीवर त्यांनी एक चापट मारली. "अगं, त्या वेळी हे सगळे दाराबाहेर अडकले होते. केंद्र गप्प होतं. हा पोचत नसता तर तुला खरखरच ऐकू आली असती. याची शांतता तुझ्या घरापर्यंत पोचली, म्हणजे हा पोचतोय."

ताईनं तिथूनच फोन लावला, शिल्पकाराला माईकवर बसवलं आणि आईला विचारलं. "हो गं, कोणीतरी पुरुष बोलतोय," आई म्हणाली. "फार बोलतोय." माझा जीव भांड्यात पडला. ताईनं आईला काट्याच्या जागी नेलपॉलिशचा ठिपका लावायला सांगितलं.

आता सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण झालं उलटंच. आई आता फोनवर म्हणायची, "छान वाचतेस गं, स्पष्ट ऐकू येतं." ताई विचारायची, "आणि बाबा?" आई म्हणायची, "तसेच आहेत. वरती बघत." एकदा ती म्हणाली, "तिकडे इतकं बोलतेस, तर इथे येऊन त्यांच्याशी दोन शब्द बोल ना." ताई म्हणाली, "तिथे जमत नाही मला." मग तिनं विषय बदलला.

एका संध्याकाळी सगळे गेल्यावर ती काकांजवळ बोलली. "आठ दिवस खरखर ऐकली त्यांनी. साधी कूससुद्धा बदलली नाही. खरखर काय आणि मी काय, त्यांना सारखंच असेल तर? मग हे सगळं मी कोणासाठी करतेय?"

पोचतो की नाही, ही काळजी मी एव्हाना पुरेपूर भोगली होती. पोचूनही काही होत नसेल, ही काळजी मला नवी होती आणि पहिलीपेक्षा कितीतरी वाईट होती.

सतरावा दिवस उजाडला तो तापूनच. दहा वाजताच छपराचा पत्रा कडकड वाजायला लागला. त्यात शिल्पकाराला एक शोध लागला. माझ्या पाठीमागच्या पंख्यातून गरम हवा येते, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं आपली ओल्या मातीची शिल्पं, मुठीएवढी डोकी, सात की आठ, माझ्या पाठीशी ओळीनं लावून ठेवली. "इथे झटपट वाळतील," तो म्हणाला आणि खूश होऊन निघून गेला. भला माणूस आहे, पण त्या डोक्यांनी माझा श्वास कोंडला. बाराला मी तापलो. साडेबाराला आणखी. पोटातला पुर्जा आपली वेळ बघत बसला होता. कोणीतरी मागे बघा, असं मी मनोमन विनवत होतो. पण माझ्या पाठीमागे बघायची कोणाला सवयच नव्हती.

एक वाजता ताई बसली. सतरावी वही. "श्रोतेहो," तिनं सुरुवात केली. मी म्हटलं, अर्धा तास काढायचा, मग खुशाल बंद पडायचं. दहा मिनिटं काढली. पंधरा काढली. ताई वाचत होती, "गुलाबाची चार रोपं गेली. पाणी..." आणि पुर्ज्यानं मला बंद केलं.

काका टेबलाजवळच होते. माझा दिवा विझलेला बघून ते झेपावले. मातीची डोकी त्यांनी हाताच्या एका फटक्यात खाली लोटली, झाकण काढलं, ताईचा चित्राचा बोर्ड उचलला आणि मला सपासप वारा घालायला लागले. "घाबरू नकोस," ते ताईला म्हणाले, "तीस सेकंद झालेत. मिनिटाच्या आत उठवतो त्याला." बोट बटणावर तयार. मी निवत होतो. जमणार होतं, मला खात्री आहे.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. आई होती. ताईनं बटण दाबून फोन टेबलावर ठेवला.

"अगं, यांना काय झालंय बघ," आई म्हणाली. "भरवत होते मी. माझ्या हातातला चमचा डाव्या हातानं हिसकावून घेतला आणि वाटीवर आपटतायत. थांबतच नाहीत. अगं, डॉक्टरांना बोलावू का?"

मागून आवाज येत होता. टण, टण, टण. वेडावाकडा, पण जोराचा.

"कधीपासून?" ताईनं विचारलं.

"आत्ताच. तुझं बोलणं तुटलं आणि ती मेली खरखर सुरू झाली, तेव्हापासून."

ताई उभी राहिली. काका म्हणाले, "पंचेचाळीस. सुरू करतो."

"थांबा, काका."

"अगं, मिनिट होईल. तिसरी नोंद..."

"होऊ दे. थांबा." तिनं काकांचं मनगट धरलं. मग ती फोनकडे वाकली. "आई, वाटी काढून घेऊ नकोस. वाजवू दे त्यांना."

काकांचं बोट बटणावरच राहिलं. ओट्यावरून शिल्पकार आत आला आणि फुटलेली डोकी ओलांडून टेबलाजवळ येऊन उभा राहिला. टेबलावरच्या फोनमधून चमचा वाजत होता. हे आत्ता सुरू करा, असं तो वाजत होता. रागानं वाजत होता, आणि माणसाच्या आत माणूस असल्याशिवाय इतका राग येत नाही. मी उघड्या पोटानं फळीवर पडलो होतो, दिवा विझलेला, काही कामाचा नाही. आणि जन्मात पहिल्यांदा भिंतीपलीकडून कोणीतरी मला उत्तर देत होतं. मला आनंद झाला. भीतीशिवाय काही वाटायची मला सवय नाही, म्हणून तो आनंद आहे हे कळायलाही थोडा वेळ लागला.

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलंही नाही. तीन मिनिटं उलटून गेली तरी आम्ही सगळे तसेच होतो. मग ती खुर्चीत बसली. "आता करा सुरू," ती म्हणाली.

काकांनी बटण दाबलं. माझा दिवा लागला. ताईनं माईक ओढून घेतला, आणि या वेळी ती श्रोतेहो म्हणाली नाही.

"बाबा, मी बोलतेय. यंत्र तापलं होतं. पुढचं वाचते." तिनं वहीतली ओळ बोटानं शोधली. "गुलाबाची चार रोपं गेली. पाणी जास्त झालं. चूक माझी."

फोन अजून चालू होता. चमचा थांबला होता.

संध्याकाळी नोंदवही टेबलावर उघडी होती. शिल्पकार म्हणाला, "माझ्या मातीनं झालं सगळं. माझं नाव लिही." काका म्हणाले, "नाहीच लिहिलं तर? पन्नास सेकंदच झाले होते म्हण. कोण बघायला आलंय?" ताईनं दोघांचंही ऐकून घेतलं. तेरा दिवस बाकी होते, चौदा वह्या बाकी होत्या, आणि नोंद केली तर सगळं जाणार होतं. माझा जीव टांगणीला लागला होता. खोटं लिही, असं मला वाटत होतं, लपवत नाही. तिनं पेन घेतलं आणि लिहिलं. शांतता, चार मिनिटं दहा सेकंद. कारणाच्या जागी तिनं लिहिलं, 'ऐकत होते.'

शुक्रवारी तपासनीस बाईंनी ते दोनदा वाचलं. "हे कारण मी कुठल्या रकान्यात घालू?" त्यांनी विचारलं. ताईनं जे झालं ते सांगितलं. बाईंनी चष्मा काढला तो बराच वेळ परत लावला नाही. मग म्हणाल्या, "माझ्या हातात नाही हो." तेही खरंच होतं. त्यांनी सही केली आणि काकांनी माझी वायर काढली. शिल्पकारानं मला दुकानापर्यंत उचलून नेलं, दोन्ही हातांत, वाटेत एक शब्द न बोलता. तो इतका वेळ गप्प राहिल्याचं मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं.

तेव्हापासून मी काकांच्या दुकानात, वरच्या फळीवर आहे. काकांनी माझा पंखा पुसून ठेवलाय. आता तापायची भीती नाही, काठाची नाही, मिनिटाची नाही. इतकी स्वस्थता मला मानवत नाही, पण करतो काय.

परवा काका ताईच्या घरी जाऊन आले आणि गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मलाच सगळं सांगत बसले. ताई रोज एक वाजता घरी जाते. पलंगाच्या कडेला बसते आणि वही वाचते. पहिल्या आठ वह्या तिनं पुन्हा वाचल्या, कारण त्या वेळी तिकडे खरखर होती. बाबा बोलत नाहीत, बोलतीलच असंही नाही. पण आता छताकडे बघत नाहीत, तिच्याकडे बघतात. अधूनमधून तिचा घसा कोरडा पडतो, तेव्हा ती पाणी पिते आणि पुढचं वाचते. रेडिओ आईनं स्वयंपाकघरात नेलाय. नेलपॉलिशचा ठिपका खरवडून टाकलाय आणि ती आता खुशाल गाणी ऐकते. माझं तिथे काही काम उरलेलं नाही. थोडं वाईट वाटलं, ते वाटणारच. पण बरं जास्त वाटलं.

तुमच्या घरातही कोणी असं गप्प पडून असेल. त्यांना कळतं की नाही, हे कोणीच सांगत नसेल, आणि जवळ बसलं की तुम्हाला उठून जावंसं वाटत असेल. उत्तर येत नसताना बोलत राहणं किती जड जातं, ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. तरी बोला. फार मोठं काही बोलायला नको, रोपं किती गेली, पंप कधी आला, एवढंही चालतं. आणि जमलं तर जेवायच्या वेळी बोला. तेव्हा माणूस हमखास जागा असतो, आणि त्याच्या हाताशी वाजवायला काहीतरी असतं.